स्वेटरची उजवी बाही

कृष्णकांत मुंबईहून आला तेव्हा त्याच्या पेटीत एक राखाडी स्वेटर होता. स्वेटरची उजवी बाही कोपराशी इतकी विरली होती की तिच्यातून आरपार दिसत होते. डावी बाही नवीकोरी होती.

एक्याऐंशी सालच्या मे महिन्याची सोळा तारीख होती आणि आदल्या दिवशी नागपुरात पारा शेहेचाळीसला टेकला होता.

स्वेटर मुळात कशाला, याचा खुलासा कृष्णकांतने घरात पाय ठेवल्यावर तासाभरातच केला. संगणकाच्या खोलीत यंत्राला गार हवा लागते, ती बाराही महिने चालू असते, आणि तिथे बसणाऱ्या माणसाला हुडहुडी भरते. खुलासा अगदी सरळ होता आणि बहुधा त्यामुळेच कोणाला पटला नाही. त्याचे वडील जागेश्वर म्हणाले, गरम यंत्राले होते आणि स्वेटर माणूस घालते, ही कोणत्या मुलखाची रीत आहे. आई सखूबाईने मुलाच्या कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री करून घेतली, आणि खात्री पक्की नसावी म्हणून जेवणानंतर पुन्हा करून घेतली.

खुलासा पटला तो एकट्या प्रेमलताला. आणि पटला म्हणूनच तिच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. थंडी दोन्ही हातांना सारखीच वाजते. मग बाही एकच का विरावी?

प्रेमलता ही जागेश्वरांच्या धाकट्या भावाची, गुलाबचंदची, मुलगी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिला वर्ष झाले होते आणि त्या वर्षात तिने एका शाळेत गणित शिकवले होते, म्हणजे फळ्यावर लिहिलेले मुलांच्या वह्यांत उतरले की नाही एवढेच पाहिले होते. आता तिच्या पर्समध्ये एक पत्र होते. ज्या सेंटिनेल डेटा सिस्टिम्समध्ये कृष्णकांत दोन वर्षे नोकरीला होता, त्याच कंपनीने तिला प्रोग्रामर म्हणून बोलावले होते. होकार सोमवारी टपालात पडायला हवा होता. तो पडला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाची.

गुलाबचंद रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. घराण्याचा हातमाग सोडून आणि विणकरांची टिमकीची गल्ली सोडून त्यांनी नंदनवनात दोन खोल्या बांधल्या होत्या. पण मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर जाण्याएवढे लांब ते गेले नव्हते. त्यांनी निकालाची सोपी पद्धत ठरवली. कंपनी आतून पाहिलेला घरात एकच माणूस आहे. तो काय म्हणेल ते खरे.

आणि कृष्णकांत म्हणाला होता, "कंपनी चांगली आहे. पण प्रेमलतानं येऊ नये."

का, हे विचारल्यावर त्याने आणखी एक भाकर मागितली होती.

म्हणजे एकाच माणसाबद्दल न उलगडलेल्या गोष्टी दोन झाल्या: एक बाही आणि एक नकार. दोन कोड्यांना दोन कारणे शोधण्याआधी एकच कारण पुरते का ते पाहावे, अशी प्रेमलताची शिस्त होती. तिच्या हातात एक रविवार होता.

*

त्या रविवारी जागेश्वरांकडे पाजणी होती, म्हणजे मागावर चढवायच्या उभ्या सुताला, ताण्याला, खळ लावायचा दिवस. एव्हाना गल्लीतल्या बहुतेक घरांत सोसायटीकडून खळ दिलेला तयार ताणा येई. पण बारीक सुताच्या साडीला गिरणीची खळ चालत नाही, या मतावर जागेश्वर ठाम होते आणि त्या मतासाठी वर्षातून तीनदा साऱ्या कुटुंबाला पहाटे उठवत. सकाळी साडेपाचला ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून झाला. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ बादल्यांत तयार होती. ताण्याच्या दोन्ही बाजूंना माणसे कुंचे घेऊन उभी राहिली आणि एका चालीने खळ फिरवू लागली.

पाजणीचा नियम असा की ओला ताणा थांबू द्यायचा नाही. कुंचा मध्येच थांबला तर तिथले धागे एकमेकांना चिकटतात, आणि मे महिन्याच्या उन्हात चिकटलेले धागे सोडवणे म्हणजे अर्धा दिवस. त्यामुळे कुंचा हातात असेपर्यंत कोणालाही रागावून निघून जाता येत नाही. या घराण्यातली मोठी भांडणे पाजणीच्या दिवशीच का होत आली, हे प्रेमलताने तेवढ्यावरून कोणालाही सांगितले असते.

पुढे जागेश्वर आणि त्यांच्या समोर गुलाबचंद. मागे सखूबाई आणि तिच्या समोर प्रेमलताची आई कुसुमावती. शेवटी प्रेमलता. तिच्या समोर कोणी नव्हते, म्हणून ती दोन्ही बाजूंचे ऐकत होती. दोन्ही भावांचे मामा, भैयाजी, एका मोठ्या कापड गिरणीतून जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले, ओट्यावर खाट टाकून देखरेख करत होते. कृष्णकांतचा कुंच्यावरचा हात दोन वर्षांत बिघडला होता. ओळ सुटत होती. त्याला जागेश्वरांनी तुटलेले धागे जोडायला गल्लीच्या पार टोकाला पाठवले होते.

तो ऐकण्याच्या टप्प्याबाहेर गेल्याबरोबर कंपनीची चर्चा सुरू झाली.

जागेश्वर कंपनीच्या बाजूने होते. दोन वर्षे ते गल्लीला मुलाची पत्रे वाचून दाखवत होते आणि त्यांतले सारे त्यांना पाठ होते. कंपनीची स्वतःची बस घराजवळ न्यायला येते. दुपारचे जेवण कंपनीतच, तेही टेबलावर. आजारी पडला तर डॉक्टर कंपनीचा, सुटीवर गेला तर गाडीभाडे कंपनीचे. मागावरून कापड उतरले तरच दाम, असे तिथे काही नाही. दसरा असो की दिवाळी, महिना संपला की पगार बँकेत. जागेश्वरांच्या मते माणसाच्या इतिहासात एवढी सोय कोणाची झाली नव्हती.

भैयाजींनी ओट्यावरून त्यात दुरुस्ती केली. सोय होते, पण नाव जाते. गिरणीत ते पस्तीस वर्षे होते; त्यांतली तीस वर्षे मालकाने त्यांना पाहिले नाही आणि त्यांनी मालकाला. बिल्ल्याचा नंबर तेवढा एकमेकांना ठाऊक. "मोठ्या कंपनीत पोट्टी हरवून गेली ना जागेश्वर, तरी तिचा पगार बरोबर येत राहीन," ते म्हणाले. "कंपनीले चार महिने समजणार नाही."

कृष्णकांतचा नंबर दोन हजार दोनशे सतरा होता. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तो असे. जागेश्वर तोही अभिमानाने वाचून दाखवत.

कुसुमावती कंपनीच्या विरुद्ध होती. थोरल्या दिराशी थेट बोलायचे नाही ही तिची पंचवीस वर्षांची पद्धत, म्हणून जागेश्वरांना द्यायची उत्तरे ती सखूबाईला देई, फक्त त्यांना ऐकू जातील इतक्या आवाजात. मुंबईत एकटी पोरगी कुठे राहील, हे तिने सखूबाईला विचारले. तीन वर्षे नोकरी सोडणार नाही असे लिहून घेतात म्हणे, मग लग्न कधी करायचे, हेही तिने सखूबाईलाच विचारले. सखूबाई त्या वेळी एका गाठीवर वाकली होती. तिने दोन्ही प्रश्न डोक्यावरून जाऊ दिले.

प्रेमलता कुंचा ओढत राहिली. दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे खरे होते. पण त्यांतला एकही कृष्णकांतचा नव्हता. तो बसबद्दल तक्रार करत नव्हता, नंबरबद्दल नाही, लिहून दिलेल्या तीन वर्षांबद्दलही नाही. तक्रार न करता तो नको म्हणत होता.

ताणा अर्धा झाला तेव्हा सखूबाई सरळ उभी राहिली. तिचा कुंचा मात्र चालू होता.

"मी काल स्वेटर धुतलं," ती म्हणाली. "पोट्ट्याचं कोपर पाह्यलं. त्या कंपनीत थो कांड्या भरून राहिला."

कोणाचाही कुंचा थांबला नाही, पण सगळ्यांची चाल मंदावली.

कापड कुठे झिजले यावरून अंगावर घेणाऱ्याने काय काम केले हे सांगणे, या घरात विशेष मानले जात नसे. मागावर बसणाऱ्याचा सदरा काखेत फाटतो. खळ फिरवणाऱ्याचा खांद्यावर. चक्रावर सुताच्या कांड्या भरणारी बाई उजवा गुडघा उभा धरते, त्यावर उजवे कोपर टेकते आणि मनगटाने चक्र फिरवते. तिच्या पोलक्याची उजवी बाही कोपराला जाते, डावी जशीच्या तशी राहते. सखूबाईने तीस वर्षे कांड्या भरल्या होत्या. तिला दुसरे वाचन सुचणे शक्यच नव्हते. शिवाय पुरावा कृष्णकांतच्याच अक्षरात होता. पहिल्याच पत्रात त्याने लिहिले होते, मी यंत्रावर फितीची रिळे चढवतो आणि उतरवतो.

"रीळ म्हणजे काय मंग?" सखूबाई म्हणाली. "कांडीच ना?"

कांड्या भरणे हे या गल्लीत बायकांचे आणि लहान पोरांचे काम. जागेश्वरांनी स्वतः वयाच्या नवव्या वर्षी ते सोडून माग धरला होता. आणि ज्या मुलाला एम.एस्सी. करावे म्हणून त्यांनी एका मागाचे दोन माग केले, तो मुलगा स्वेटर घालून कांड्या भरत होता आणि ते दोन वर्षे गल्लीला वाचून दाखवत होते.

"नाही जाणार पोट्टी," ते म्हणाले. "इतकं शिकून चक्र फिरवाले? गुलाबचंद, लिहून टाक नाही म्हणून."

गुलाबचंद म्हणाले, बरं. मोठ्या भावाला बरं म्हणण्यात ते फार वेळ लावत नसत.

इथे जे झाले त्याची अपेक्षा प्रेमलतानेही केली नव्हती. कुसुमावतीने कुंचा बादलीत जरा जोरात बुडवला आणि सखूबाईकडे पाहिले.

"काहून वं बाई," ती म्हणाली, "कांड्या भरण्यात कोणता कमीपणा आहे? तुम्ही भरल्या, मी भरल्या. आमच्या कांड्या नसत्या तं इथल्या माणसांनी मागावर बसून काय हवा विणली असती?"

सखूबाईने समोर न पाहता मान हलवली. ती मान जागेश्वरांनी पाहिली.

अशा रीतीने पाव तासात पक्ष बदलले. कंपनीचे सर्वांत मोठे समर्थक विरोधात गेले, आणि जी काल रात्रीपर्यंत मुंबईचे नाव काढू देत नव्हती ती मुलीला पाठवायला तयार झाली. केवळ थोरल्या दिराला दाखवून द्यायचे म्हणून. भैयाजी खाटेवर कूस बदलत म्हणाले की गिरणीतल्या युनियनचेही असेच होई. प्रेमलताच्या मते दोन्ही बदल एकाच चुकीवर उभे होते. चुंबकी फितीचे रीळ हाताने फिरवत नाहीत. ते यंत्र फिरवते. माणूस फक्त खुंटीवर बसवतो, आणि तेही उभा राहून. उभ्या माणसाचे कोपर कशालाही टेकत नाही.

कृष्णकांत परत आला तेव्हा जागेश्वरांनी त्याला आडून विचारले नाही. "तू तिथं रिळं चढवतो ना गा?"

"हो बाबा."

"दिवसभर?"

कृष्णकांतने आईकडे पाहिले, काकूकडे पाहिले. "हो," तो म्हणाला. "दिवसभर."

आणि त्याचे खांदे थोडे खाली आले.

प्रेमलताने ते पाहिले. बापाने गल्लीत, सर्वांदेखत, कांड्या भरणारा ठरवला आणि मुलाला हायसे वाटले. आरोप ऐकून माणूस सैल पडला, तर तो आरोप खोटा असतो आणि खरा त्याहून मोठा असतो. हे तिने कुठे वाचले नव्हते; पण शाळेत वर्षभर वह्या न आणणाऱ्या मुलांच्या सबबी ऐकल्या की एवढे कोणालाही कळते.

*

नऊच्या आत ताणा वाळला, गुंडाळून झाला आणि ऊन गल्लीत उतरले. जेवणे झाली. बायका मागच्या खोलीत, भैयाजी आणि गुलाबचंद ओट्यावरच्या सावलीत, आणि जागेश्वर पुढच्या खोलीत मागाशेजारच्या खाटेवर, डोळ्यांवर ओला पंचा घेऊन आडवे झाले. त्याच खोलीत खिडकीपाशी कृष्णकांतचे कॉलेजपासूनचे टेबल होते. खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती. सखूबाई मधूनमधून येऊन तिच्यावर पाणी मारी आणि खोलीत ओल्या मुळांचा वास भरे.

प्रेमलताने त्याला टेबलाशी बसवले. तीन वर्षांच्या कराराचा कागद तिने समोर ठेवला आणि सांगितले की नाही म्हणायचे तरी रीतसर म्हणावे लागेल. मी पत्राचा मसुदा करते, तोवर बस, काही अडले तर विचारीन.

तिला काही अडणार नव्हते. तिला एक माणूस रिकामा बसलेला पाहायचा होता.

पहिली पाच मिनिटे कृष्णकांत सरळ बसला. मग तो हळूहळू पुढे झुकला, कोपर टेबलाच्या कडेवर टेकले, तळहातावर गाल ठेवला आणि स्थिर झाला. ती एका बसण्यात आलेली ढब नव्हती. पायरीवर हजारदा पाय पडून पडतो तसा खळगा त्या ढबीला होता. प्रेमलताला आत कुठेतरी कोडे सुटल्याचा आनंद झाला, आणि लगेच मावळला. टेकलेले कोपर डावे होते.

तिने मसुद्याच्या कागदावर आणखी एक ओळ ओढली आणि दुसरे काही मोजायला घेतले. मागाच्या वर, टेबलाच्या उजव्या हाताला, विणकर सोसायटीने भेट दिलेले घड्याळ होते. वीस मिनिटांत कृष्णकांतने त्याच्याकडे चौदा वेळा पाहिले. पाहण्यात घाई नव्हती. गाडी पकडायची असलेला माणूस असे पाहत नाही.

"दादा, कुठे जायचं आहे का तुले?"

"नाही."

"मंग काय वाजलं ते काहून पाहून राहिला?"

त्याने गाल तळहातावरून उचलला. आपण पाहत होतो हे त्याला ठाऊक नव्हते, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

"सवय लागली," तो म्हणाला. आणि मग, खाटेकडे एकदा पाहून, दबक्या आवाजात त्याने तिला सगळे सांगितले.

कंपनीने दुसरे यंत्र मागवले होते. ते चालवायला अकरा जणांची नेमणूक केली. कृष्णकांत त्यांतला एक. माणसे वेळेवर आली. यंत्र आले नाही. आधी आयातीचा परवाना अडला, मग परवान्यावरची एक सही, मग बंदरात यंत्राच्या पेट्या. माणसांना परत पाठवले असते तर पुढच्या वर्षी त्या जागांना पुन्हा मंजुरी मिळाली नसती. म्हणून अकराही जणांना जुन्या यंत्राच्या खोलीत पाळ्यांवर बसवले. जुन्या यंत्राला एका पाळीला दोन माणसे पुरत आणि ती आधीपासून होती. कृष्णकांत रिळे चढवी, हे खरे होते. आठ तासांत चार.

पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात त्याने साहेबांना भेटून काम मागितले. साहेब अतिशय सभ्य होते. त्यांनी चहा पाजला आणि धीर धरायला सांगितले. खोलीत पुस्तक नेता येत नाही, बाहेर जायला चिठ्ठी लागते, खुर्ची सोडली तर वहीत नोंद होते. त्या वर्षी त्याला चांगल्या कामाबद्दल पगारवाढही मिळाली.

"ते पत्र मी घरी पाठवलं," तो म्हणाला. "बाबांनी गल्लीले वाचून दाखवलं असन."

"दाखवलं," प्रेमलता म्हणाली. खोटे बोलून उपयोग नव्हता. "आणि मी येऊ नये, ते याच्याचसाठी? मीही बसून राहीन म्हणून?"

कृष्णकांतने तिच्याकडे पाहिले नाही. "तू नाही बसणार. पेट्या एप्रिलमध्ये सुटल्या. पाचव्या मजल्यावर आणून ठेवल्या आहेत. आता प्रोग्राम लिहिणारे पाहिजेत, म्हणून तर तुले बोलावलं. तुले काम राहीन."

"मंग?"

"तू आली असती तं पहिल्याच दिवशी पाहिलं असतं, मी काय करून राहिलो ते. घरी पत्र लिहिलं असतं."

म्हणजे नकार तिच्या भल्यासाठी नव्हता. प्रेमलताला याचे वाईट वाटायला हवे होते. पण कारण सापडल्याचे समाधान त्याच्या आधी पोहोचले. या घरात आजवर कोणी बसून राहण्याचे दाम घेतले नव्हते. आजोबा, बाप, आई, काकू; प्रत्येकाच्या दिवसाचे कापड संध्याकाळी हाताने मोजता येई. कांड्या भरणारा म्हणवून घेणे कृष्णकांतला सोपे गेले, कारण कांड्या निदान भरतात.

खाटेवरचा ओला पंचा हलला. जागेश्वर उठून बसले नाहीत, त्यांनी फक्त डोळ्यांवरून पंचा काढला आणि छताकडे पाहत विचारले, "किती महिने?"

कृष्णकांत उभा राहिला. "एकवीस."

"सूत नाही आलं म्हण ना."

"बाबा?"

"यंत्र नाही आलं म्हणते. म्हणजे सूतच नाही आलं." जागेश्वरांनी मागाकडे हात केला. "तू सातवीत होता तवा सोसायटीचं सूत अडलं होतं. पाच महिने हा माग असाच उभा होता. मी सकाळी आंघोळ करून याच्यावर बसो. धोटा हातात घेऊन. तुयी माय विचारे, काय करून राहिले? मी म्हणो, बसून राहिलो." त्यांनी पंचा घडी करून उशाशी ठेवला. "सूत नाही आलं तं त्यात बसणाऱ्याची काय चूक?"

"तुम्हाले तवा पगार नव्हता, बाबा."

"नव्हता," जागेश्वर म्हणाले. "तुले होता. तेवढी कंपनी चांगली."

मागच्या खोलीच्या दारात सखूबाई पाण्याची बादली घेऊन उभी होती आणि तिच्या मागे कुसुमावती. किती ऐकले ते त्यांनी सांगितले नाही. सखूबाईने ताटीवर पाणी मारले, आवश्यकतेपेक्षा बरेच जास्त, आणि मुलाच्या कपाळाला तिसऱ्यांदा हात लावला.

*

चार वाजता चहाला सगळे ओट्यावर जमले तेव्हा प्रेमलताने प्रश्न पुन्हा मांडला. तिने तो वर्गात मांडावा तसा मांडला, कारण त्या घरात दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने बोलणे पूर्ण होत नसे. कंपनी माणसाला विसरू शकते, हे खरे. विसरलेल्या माणसाला ती वेळेवर पगार देते, हेही खरे. पेट्या आल्या आहेत पण यंत्र अजून सुरू झालेले नाही. सुरू होईल असे सगळ्यांना वाटते आणि सगळ्यांना तसे दोन वर्षे वाटते आहे. तरी तिला जायचे होते. शाळेत ती दुसऱ्यांनी सोडवलेली गणिते पुन्हा सोडवत होती. तिथे निदान न सुटलेली मिळण्याची शक्यता होती.

गुलाबचंदने मोठ्या भावाकडे पाहिले.

"जाऊ दे," जागेश्वर म्हणाले. "बसाची पाळी आलीच तं दोघं एकमेकाशी बोलतीन तं खरी."

गुलाबचंद म्हणाले, बरं.

कुसुमावतीने सखूबाईला सांगितले की पोरगी जाईल, पण दर आठवड्याला पत्र येईल आणि त्यात बस, डॉक्टर, जेवण काही नको. त्या आठवड्यात काय काम केले तेवढे हवे. काही केले नसेल तर तेही. आणि ही अट दोघांनाही लागू आहे, असेही तिने सखूबाईलाच सांगितले. कृष्णकांतने काकूला हो म्हटले. भैयाजींनी विचारले की हे गिरणीत असते तर ते पस्तीस वर्षे काय लिहीत बसले असते. सगळे हसले.

प्रेमलताने होकाराचे पत्र तिथेच पूर्ण केले. सोमवारी सकाळी मालधक्क्यावर जाताना गुलाबचंद ते इतवारीच्या टपाल कार्यालयात रजिस्टर करणार होते. पत्रात तिने एक वाक्य जास्तीचे घातले होते: नवे यंत्र कोणत्या तारखेस सुरू होणार आहे, हे कृपया कळवावे. वाक्य उद्धट आहे का, असे गुलाबचंदने विचारले. ती म्हणाली, साधी तारीख विचारली आहे.

सखूबाई एव्हाना सुई घेऊन बसली होती. राखाडी स्वेटर तिच्या मांडीवर होता आणि विरलेल्या कोपरावर ती जाड सुताचा चौकोन लावत होती, विणल्यासारखा, उभा आडवा. चौकोन झाल्यावर तिने प्रेमलताकडे पाहिले.

"तुयंही स्वेटर आणून दे वं. जायच्या आधी उजवं कोपर पक्कं करून देतो."

प्रेमलता चहाचे कप आत न्यायला उठली आणि दारातच थांबली. सगळे सुटले होते आणि एक गोष्ट सुटायची राहिली होती. दुपारी, समोरच्या टेबलाशी, त्याने डावे कोपर टेकले होते.

"दादा," तिने विचारले, "तिथं यंत्राच्या खोलीत घड्याळ कोणत्या भिंतीवर आहे?"

कृष्णकांतने आठवायला वेळ घेतला नाही. "डावीकडच्या. काहून?"

घरचे घड्याळ टेबलाच्या उजवीकडे होते. ते पाहायला त्याने डाव्या तळहातावर गाल टेकला. कंपनीचे घड्याळ डावीकडे होते. ते पाहायला तो उजव्या तळहातावर गाल टेकी. एकवीस महिने, दिवसाचे आठ तास, लोखंडी टेबलाच्या कडेवर उजवे कोपर ठेवून तो घड्याळाकडे पाहत बसला होता, आणि म्हणून स्वेटरची उजवी बाही विरली.